खाणवस्तीची चोवीस मुलं

"बोराटे बाई, ही खाणवस्ती नेमकी कुठं आहे?"

मुजावर मॅडमनी हे विचारलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी बशीत ठेवला, पण जरा जोरातच. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक तांबट सर माझ्याकडे एकदा पाहून लगेच खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, पंचायत समितीची बंद पडलेली जीप होती.

मुजावर मॅडम आमच्या गावात शिक्षणाधिकारी म्हणून येऊन तीनच महिने झाले होते. वय पस्तिशीच्या आत, आवाज शांत आणि डोक्यात एकच वेड. गावात हायस्कुलं तीन, आणि तिन्हींचं नशीब वेगळं. बंगल्यांच्या कॉलनीजवळ 'आदर्श', तिथं डॉक्टर-वकिलांची मुलं. बाजारपेठेत मुलींचं हायस्कूल. आणि महामार्गाच्या पलीकडे नगरपालिकेचं, तिथं झोपड्यांतली सगळी पोरं. छत गळायचं, गणिताला मास्तर नव्हता. मॅडमचं म्हणणं, एकाच गावातली मुलं एका बाकावर बसली पाहिजेत. म्हणून त्यांनी गावाचा नकाशा भिंतीवर लावला, तीन रंगांच्या टाचण्या टोचल्या आणि शाळांच्या हद्दी नव्यानं आखायला घेतल्या. प्रत्येक हायस्कुलात आठवीच्या साठ जागांपैकी चोवीस जागा वस्तीतल्या मुलांना. जी वस्ती शाळेला सर्वांत जवळ, तिचा पहिला हक्क.

"आदर्शला सर्वांत जवळ खाणवस्ती पडते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या चार नंबर शाळेतून या वर्षी तिथली बरोबर चोवीस मुलं सातवी पास होतात. म्हणजे आदर्शची हद्द इथंच संपली. बाजारपेठेतल्या जागाही तिथल्या वस्त्यांनी भरल्यात, ओढ्याकाठच्या झोपड्या मग महामार्गापलीकडे द्याव्या लागतील. वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम."

त्यांनी पेन्सिलीनं नकाशावर एक रेघ ओढली. ती रेघ ओढ्याच्या अलीकडून गेली. ओढ्याकाठी सुमित्रा राहायची.

सुमित्रा आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कलावतीची मुलगी. गणितात इतकी तल्लख, की मी फळ्यावर उदाहरण लिहून मागं वळेपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. कलावतीनं नवऱ्याशी भांडून एक वचन घेतलं होतं: पोरगी आदर्शला लागली तर दहावीपर्यंत शिकेल, महामार्गापलीकडे जायची वेळ आली तर शाळा बंद. तिकडून ट्रक जात, ढाबे होते, आणि नवऱ्याच्या बहिणीनं एक स्थळही बघून ठेवलं होतं. तेरा वर्षांच्या पोरीला स्थळ. मी कलावतीला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "आदर्शमध्ये मी घालते तिला. तू बिनघोर राहा."

आणि आता तिची जागा खाणवस्तीच्या चोवीस मुलांनी अडवली होती. त्यात अडचण एकच होती. खाणवस्ती नव्हतीच.

म्हणजे कधीकाळी असेल. कॉलनीच्या मागं, टेकडीच्या पोटात दगडाची खाण होती, तिथं खडी फोडणाऱ्यांची पालं पडायची. ती खाण बंद होऊन वीस वर्षं झाली होती. सात वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा पट घसरला, कॉलनीतली मुलं इंग्रजी शाळेत गेली, आणि दोन शिक्षक अतिरिक्त ठरणार असं पत्र आलं. त्या दोघांतली एक मी. तेव्हा तांबट सर मला म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. बसा जरा."

बसले. दोन दुपारी बसून मी पहिलीच्या हजेरीत चोवीस मुलं जन्माला घातली. त्यांच्या नावचा तांदूळ कुठं जायचा हे मी कधी विचारलं नाही, आणि न विचारण्यातच शहाणपण आहे असं स्वतःला सांगत राहिले.

खोटं बोलायलाही मेहनत लागते, ती मी फारशी केली नाही. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलाला आम्ही मास्तर लोक एक जून लावतो. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्यामुळे एक जूनला येतो. मी चोवीसांनाही तीच लावली. आरोग्य तपासणीच्या वहीत सगळ्यांची उंची एकच लिहायची. सातवीला एकशे बत्तीस सेंटिमीटर लिहिली होती. हजेरी खरी वाटावी म्हणून महादू नावाच्या मुलाला मात्र मी दर सोमवारी गैरहजर मांडायची. आईच्या नावाचा रकाना मागाहून आला, तो भरायचा राहूनच गेला.

एका मुलीचं नाव मी केतकी ठेवलं. तांबट सर हसले होते. "अहो बाई, खडी फोडणाऱ्या भीमा पवाराची पोरगी केतकी?"

"का? खडी फोडणाऱ्यानं चांगलं नाव ठेवू नये?"

मी जरा तोडूनच बोलले. ते नाव मी माझ्या मुलीसाठी राखून ठेवलेलं होतं. मुलगी झाली नाही. नवरा बदलीच्या गावी गेला तो तिथलाच झाला. नाव तेवढं शिल्लक होतं, ते मी हजेरीत खर्ची घातलं.

"परवा आपण दोघी जाऊ खाणवस्तीवर," मुजावर मॅडम म्हणाल्या. "अंतर मोजायचंय, मुलंही बघता येतील."

बाहेर आल्यावर तांबट सर म्हणाले, "सांगा की सगळे ऊसतोडीला गेलेत."

"एप्रिल संपत आला असताना?"

"मग आजारी पडा."

मी आजारी पडले नाही. घरी बसून विचार केला, जाऊ द्या एकदा. मॅडमना रिकामी खाण दिसेल, माझं व्हायचं ते होईल आणि सुमित्राची जागा मोकळी होईल. स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून खाणीनंच सांगावं असं ठरवलं. भित्र्या माणसाचं शौर्य असंच असतं.

जायचा दिवस सोमवार होता. भर दुपारी बारा वाजता जीप टेकडीच्या वळणाला थांबली, पुढं वाट नव्हती. आम्ही चालत निघालो. पांढरा फुफाटा घोट्यापर्यंत. वळण ओलांडलं आणि मुजावर मॅडम म्हणाल्या, "बरीच मोठी वस्ती आहे की."

मी मान वर केली. समोर झोपड्या होत्या. सगळ्या एकाच मापाच्या, एका ओळीत. चुलीचा धूर नव्हता. कुत्रं नव्हतं, कोंबडी नव्हती, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं नव्हतं. लांब खाणीच्या तळाशी पुरुषमाणसं पाठमोरी बसून दगड फोडत होती. हातोडा वर जाताना दिसायचा, खाली पडताना दिसायचा. आवाज मात्र येत नव्हता.

"मॅडम, परत जाऊ या," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात झोपड्यांतून मुलं बाहेर आली होती.

आमच्या शाळेच्या गणवेशात. कुणी सांगितलं नाही तरी ओळीत उभी राहिली. मुलं, मुली, सावळी, गोरी, चेहरे वेगवेगळे. पण डोकी सगळ्यांची एका पातळीत. गवंडी भिंतीला सुतळी धरतो तशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ.

"सगळी एकाच उंचीची," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "कुपोषण, दुसरं काय. बघा बाई, यांच्यासाठीच करतोय आपण हे." त्यांनी यादी काढली. "नाव घेईन त्यानं हजर म्हणायचं हं बाळांनो."

त्या नावं वाचत गेल्या. "हजर, बाई." "हजर, बाई." मुलं उत्तर त्यांना देत होती आणि बघत माझ्याकडे होती.

"महादू किसन जाधव."

कुणी बोललं नाही.

"महादू नाही आला?"

ओळीतला एक मुलगा म्हणाला, "त्यो सोमवारी येत न्हाई."

मॅडमनी महादूच्या नावापुढं फुली केली. मग त्यांनी सहज एकाला विचारलं, "वाढदिवस कधी असतो रे तुझा?"

"एक जून."

"आणि तुझा?"

"एक जून."

त्या हसल्या. "आपल्या मास्तरांची कृपा." मग आजूबाजूला पाहून त्यांनी विचारलं, "तुमच्या आया कुठं गेल्या? एकही बाई दिसत नाही."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी यादीत बघितल्यासारखं केलं.

मॅडम पावलं मोजत पुढं निघाल्या. मी त्यांच्यामागं चालले, आणि पदराला ओढ बसली. ओळीतली शेवटची मुलगी माझ्यासोबत चालत होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. मी नुसतं नाव लिहिलं होतं, रिबिनी लिहिल्या नव्हत्या. पण माझी मुलगी असती तर मी लालच बांधल्या असत्या.

"बाई," ती म्हणाली, "माज्या आईचं नाव लिवायचं ऱ्हायलंय."

मी नुसती चालत राहिले.

"समद्यांचंच ऱ्हायलंय. पर त्यानला चालतंय. मला न्हाई चालत." तिनं वेणी मागं टाकली. "आनि आठवीचं पुस्तक मिळंल का? सातवीचं कवाच वाचून झालं."

"कोण वाचून दाखवतं?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"कोन न्हाई," केतकी म्हणाली.

जीपमध्ये बसल्यावर मुजावर मॅडम खूश होत्या. आदर्श हायस्कूल तिथून फक्त अकराशे पावलांवर होतं. "ठरलं. ही चोवीस मुलं आदर्शला," त्या म्हणाल्या आणि रुमालानं डोळे टिपले. चांगली बाई होती. माझ्या खोट्यासाठी एवढ्या खऱ्या मनानं रडणारी.

शाळेत आल्यावर मी तांबट सरांना सगळं सांगितलं. ते आधी पांढरे पडले, मग त्यांनी मला पाणी दिलं. "बाई, ऊन लागलं तुम्हाला."

"मॅडमनी मोजली सर. यादीवर खुणा केल्या."

ते खुर्चीत बसले आणि दोन मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "मग प्रश्नच मिटला की! आता ती आहेत. सरकारनं मोजली म्हणजे आहेत. आपण कशाला डोकं लावायचं?"

दारात कलावती उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिला खाणीचं काही कळलं नसावं, पण ओढ्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"बाई, रेघ आमच्या अलीकडनं मारली म्हनं," ती म्हणाली. "पावनं रविवारी येनारेत. नवरा म्हनतो, आता नाय म्हनायला तोंड ऱ्हायलं नाय." ती ओरडली नाही, रडली नाही. "तुमी बोलला हुतात. मी त्येच्यावर भरवसा ठिवला. एवढंच सांगाया आले."

ती गेली आणि स्वयंपाकघरात भांडी घासू लागली. तेवढं ऐकून मला जी शरम वाटली तशी त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि त्यानंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सातवीच्या रिकाम्या वर्गात बसले. समोर पटाचं रजिस्टर आणि लाल शाईचं पेन. नाव कमी करायचं असेल तर आडवी रेघ मारायची, शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं आणि सही करायची. पद्धत सोपी आहे.

पेन टेकवणार तोच मला तो आवाज ऐकू आला. टेकडीकडून, हातोड्यांचा. बरेच हातोडे एकदम पडत होते, लांबून पण स्पष्ट. काल तिथं उभी असताना जो आला नव्हता, तो आज एवढ्या अंतरावरून येत होता.

मी पहिल्या नावावर रेघ मारली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'हा विद्यार्थी कधीही अस्तित्वात नव्हता.' खाली सही केली. हातोड्यांमधला एक बंद झाला. मला वाटलं भास असेल. दुसरी रेघ मारली. आणखी एक बंद झाला.

मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. महादूच्या नावाशी हात जरा अडखळला. एवढ्या वर्षांत त्याला एकही सोमवार दिला नव्हता. एकेक हातोडा कमी होत गेला. तेवीस नावं झाली तेव्हा टेकडीकडून एकच आवाज येत होता. टक्. मग बराच वेळ शांत. मग पुन्हा टक्. तो वाट बघत होता.

चोविसावं नाव केतकी भीमा पवार.

मी पेन टेकवलं. कागदावर शाईचा ठिपका उमटला आणि पसरत गेला. रेघ काही ओढवेना. पाहता पाहता हात सरकला आणि आईच्या नावाच्या रिकाम्या रकान्याशी आला. तिथं मी माझं नाव लिहिलं, 'उर्मिला'. लाल शाईनं, माझ्या चांगल्या अक्षरात.

टेकडीकडचा आवाज थांबला. मी रजिस्टर मिटलं.

त्याच संध्याकाळी मुजावर मॅडमनी ते उघडलं आणि बोट फिरवत सगळी नावं वाचली. मग आपली यादी काढून माझ्यासमोर ठेवली. तेवीस खुणा, एक फुली. "मी मोजलीत बाई. माझ्या डोळ्यांनी."

"हो. मीही होते."

"मग हे काय लिहिलंत?"

"चला, पुन्हा बघून येऊ."

गेलो. जीप त्याच वळणाला थांबली, आम्ही त्याच फुफाट्यातून चाललो. वळणापलीकडे वेड्या बाभळी होत्या आणि खाणीत हिरवं पाणी साचलं होतं. कुठं एक खुंटी नव्हती, चुलीचा काळा दगड नव्हता. फुफाट्यात आमच्या दोघींच्या आदल्या दिवशीच्या चपला उमटलेल्या होत्या, जाताना आणि येताना. मॅडम त्या पावलांकडे बघत राहिल्या. माझ्या परतीच्या पावलांजवळून तिसरी पावलं गेली होती. लहान, अनवाणी. त्यांनी ती पाहिली की नाही, मला माहीत नाही. मी काही दाखवलं नाही.

ऑफिसात येऊन त्यांनी खोडरबर घेतला, ओढ्याअलीकडची रेघ पुसली आणि ओढ्याच्या पलीकडून नवी काढली. "म्हणूनच मी पेन्सिलीनं काढते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एक नाव राहिलंय तुमच्याकडून."

"राहू दे," मी म्हणाले.

त्यांनी राहू दिलं.

पुढचं जगरहाटीप्रमाणे झालं. मी निलंबित झाले, चौकशी झाली, पगारवाढी गोठल्या, तांबट सर आठ महिने माझ्याशी बोलले नाहीत आणि मग निवृत्त झाले. ओढ्याकाठची तेवीस मुलं त्या जूनमध्ये आदर्शला गेली. सुमित्रा त्यांत होती. पाव्हणे रविवारी आले, पोहे खाऊन परत गेले. आदर्शच्या यादीत चोविसावं नाव केतकीचं होतं. ती मुलगी आलीच नाही असं म्हणून त्यांनी ते दिवाळीपर्यंत काढून टाकलं असेल. मी चौकशी केली नाही.

याला तेरा वर्षं झाली. मी आता निवृत्त आहे. गेल्या महिन्यात दुपारी दाराची कडी वाजली. बाहेर सुमित्रा उभी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मचा गठ्ठा. महामार्गापलीकडच्या, नगरपालिकेच्याच शाळेत शिक्षिका झाली आहे. शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करत फिरत होती.

"एवढ्या उन्हात दारोदार?" मी म्हटलं. "आमच्या वेळी घरी बसून भरायचे."

"माहितेय बाई," ती हसली. "म्हणून तर दारोदार फिरते."

कलावतीची गुडघेदुखी, तिच्या वर्गातली मुलं, असं आम्ही बोलत बसलो. मग तिनं पेन उघडलं. "बाई, घरात माणसं किती?"

"एकटीच की मी."

तिनं 'एक' लिहिलं आणि पेन थांबवलं. समोरच्या तिपाईवर तिनं नुकताच रिकामा केलेला पाण्याचा पेला होता. तिनं त्या पेल्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या पडद्याकडे.

"मग मघाशी पाणी दिलं ती मुलगी कोण?" तिनं विचारलं. "दोन वेण्यांची. शेजारची आहे का?"

मी जागची उठलेच नव्हते. पाणी द्यायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

घरात कुणीतरी वावरतं हे मला फार दिवसांपासून ठाऊक होतं. कपाटातलं आठवीचं पुस्तक कधी पलंगावर उघडं सापडायचं. मी ते मिटायची नाही. पण कुणी दुसऱ्यानं तिला पाहिलं नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं, आणि ते सुखाचं होतं.

"शेजारची नाही," मी म्हणाले. "माझ्याकडेच असते. लिही. केतकी."

सुमित्रानं 'एक' खोडून 'दोन' केलं. "जन्मतारीख?"

"एक जून."

तिनं चमकून वर पाहिलं, पण लिहिलं. "शाळेत जाते?"

"सातवी झाली. पुढं घातलं नाही कुणी. तुझ्या शाळेत घेशील आठवीला?"

"बाई, तुमचं घर आमच्या हद्दीत येत नाही."

"हद्द पेन्सिलीनं काढलेली असते, सुमित्रा."

आतल्या खोलीत पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला, तो तिनंही ऐकला. तिच्या हातावर शहारे आलेले मला दिसत होते, तरी ती उठली नाही. फॉर्मवर तिचं पेन एका रकान्याशी येऊन थांबलं होतं. कुठला ते मला चष्म्याशिवायही कळलं.

"भर तो," मी म्हणाले. "रिकामा ठेवू नकोस. माझं नाव तुला ठाऊक आहे."